पाडव्याला वाळलेला साग

"गार्ड सायेब, मी झाडं मागितली होती. तुमी तर चुलीत घालायच्या काड्या दिल्या की," असं म्हणून बोरीकडच्या एका गृहस्थांनी जड्यांची जुडी माझ्यासमोर आपटली, तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि तोंडाचा आजच्यापेक्षाही फटकळ. मी म्हणालो, "काका, घरी न्या, लावा, आणि उगवल्या नाहीत तर मलाच चुलीत घाला." काका पुन्हा आले नाहीत. म्हणजे उगवल्या असणार. आपल्याकडं काही बिघडलं तर माणूस कोसकोस चालत भांडायला येतो. नीट झालं तर कोण कशाला सांगायला येतंय?

जिंतूरहून येलदरीकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची रोपवाटिका होती. मी तिथला वनरक्षक, लोकांच्या तोंडी गार्ड. ती नामांतराच्या वादाची वर्षं. गावोगावच्या भिंती घोषणांनी रंगलेल्या, एस.टी. कधी सुरू तर कधी बंद. बंद असली की मी सायकल काढायचो आणि मागच्या कॅरेजला जड्यांची पोती बांधून गावं फिरायचो. शेताच्या बांधावर, पडीक माळावर लोकांनी साग लावावा, असं सरकारच्या मनात होतं. लोकांच्या मनात काय होतं ते वर सांगितलंच.

जडी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजायचं नाही. सागाचं रोप वर्षभर वाफ्यात वाढवायचं. अंगठ्याएवढं जाड झालं की उपटायचं. वरचं खोड बोटाच्या एका पेराएवढं ठेवून बाकीचं छाटायचं, पानं तर ठेवायचीच नाहीत. खालचं मूळ वीतभर ठेवायचं आणि त्याच्या बारीक मुळ्याही काढून टाकायच्या. हातात उरतं ते वाळक्या गाजरासारखं काहीतरी, ती जडी. पावसाच्या तोंडावर पहारीनं जमिनीत भोक पाडून ती आत घालायची आणि टाचेनं माती घट्ट दाबायची. थोड्याच दिवसांत तिला कोंब येतो. डोकं, हातपाय, सगळं तोडलेलं झाड पुन्हा उभं राहतं. हे मी नोकरीभर पाहिलं आणि एकदाही मला त्याची सवय झाली नाही. दरवर्षी पहिला कोंब दिसला की मी उकिडवा बसून त्याच्याकडं बघत राहायचो. आमच्या रोपवाटिकेतल्या बाया म्हणायच्या, सायबाला काय खुळ लागलंय का.

आमच्याकडं बी यायचं चांद्याकडून. तिकडं पाऊस भरपूर, जंगल दाट, साग सरळसोट, बघत राहावा असा. आमच्या जिंतूरच्या डोंगरातला साग त्याच्यापुढं अगदीच गरीब. बुटका, वाकडा, खोडाला गाठीच गाठी. लोक त्याला गावठी साग म्हणायचे आणि त्याची लाकडं फार तर गोठ्याच्या मेढीला लावायचे. एका वर्षी चांद्याचं बी कमी पडलं आणि एक लांबलचक गादीवाफा, म्हणजे मातीचा उंच केलेला वाफा, रिकामा राहिला. तसा ठेवणं जिवावर आलं. म्हणून मी बायांना डोंगरात पाठवून गावठी बी वेचून आणवलं.

सागाचं बी फोडून बघा कधी. बोराच्या आठोळीपेक्षा टणक. त्याला उगवायला लावायचं म्हणजे आधी छळायचं. पोत्यात भरून पाण्यात ठेवायचं, मग कडक उन्हात पसरायचं, पुन्हा पाण्यात, पुन्हा उन्हात, असं कितीतरी दिवस. त्याला वाटलं पाहिजे, की पावसाळे आले नि गेले, आता उगवायला हरकत नाही. दोन्ही बियांना मी सारखंच छळलं आणि एकाच दिवशी पेरलं. चांद्याचं बी भराभर वर आलं. गावठी वाफ्यात मात्र इथं एक, तिथं एक. मी त्या वाफ्याला ज्या शिव्या दिल्या त्या दिवाळी अंकात छापता येणार नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. वरून सांगणं आलं, पाणी फक्त चांद्याच्या वाफ्यांना द्या. गावठी वाफा भाजून निघाला. माती तडकली. बाया त्याच्यावर भाकरीची फडकी वाळत घालायच्या. तो मोडून त्याची माती पिशव्यांत भरायची, असं मी ठरवलं होतं, पण माणसं मिळाली नाहीत म्हणून राहून गेलं. मग पाऊस पडला, आणि एका सकाळी येऊन बघतो तर वाफा भरून रोपं. दाटीवाटीनं, एकमेकांना ढकलत. नव्यानं कुणी पेरलं नव्हतं, कुणी पाणी दिलं नव्हतं.

मी खाली बसून माती उकरली. तेच बी होतं. त्याच झाडांचं, एकाच दिवशी पेरलेलं, आणि त्यातलं थोडं पहिल्या साली वर आलं होतं, बरंचसं दुसऱ्या साली, आणि काही अजूनही तसंच गप्प पडून होतं. समजा सगळंच बी पहिल्या साली उगवलं असतं आणि त्या साली पाणी मिळालं नसतं, तर सगळंच गेलं असतं. ते होऊ नये म्हणून झाडानं आपली पोरं एका गाडीत बसवलीच नाहीत. कुणी आज जा, कुणी पुढच्या साली, कुणी त्याच्याही पुढं. अशी अक्कल मला माझ्या घरात कधी सुचली नाही. आणि ती एवढ्याशा आठोळीत भरून ठेवलेली. माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी आज कबूल करतो. तेव्हा बायांसमोर नुसताच खाकरलो आणि पाणी घाला म्हणालो.

वर्षभरानं त्या वाफ्यातल्या रोपांच्या जड्या तयार झाल्या खऱ्या, पण न्यायला कुणी तयार होईना. वाकड्या होत्या. लोक चांद्याच्या उचलायचे आणि गावठ्यांकडं बघून नाक मुरडायचे.

त्या पावसाळ्यात गयाबाई आली.

पूर्णेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक लहान गाव आहे, तिथली ती. नवरा आजारानं गेलेला, पदरात दोन मुली. डोंगराच्या उतारावर तिचं रान. खालचा अर्धा भाग बरा, वरचा अर्धा निव्वळ मुरूम. ती म्हणाली, मला साग लावायचाय. मला आश्चर्य वाटलं, कारण तोवर साग मागायला आलेली सगळी माणसं लाकडाच्या भावाचं विचारायची. हिनं एकच विचारलं, "सायेब, ह्याला बैल लागतेत का?"

मी म्हणालो, बैल कशाला? लावला की झालं.

"मंग द्या," ती म्हणाली.

तिच्याकडं बैल नव्हते आणि नांगर धरायला माणूस नव्हतं. आमच्याकडं अशी जमीन बटईनं देतात. ज्याचे बैल तो कसतो, पीक निम्मंनिम्मं. हा सगळा व्यवहार गुढीपाडव्याला ठरतो. वर्ष तिथं सुरू होतं, सालगडी तिथं बदलतात, कुणाचं रान कुणी करायचं तेही त्याच दिवशी मारुतीच्या पारावर ठरतं. गयाबाईचं रान तिचा दीर करायचा, किसन त्याचं नाव. माणूस काही वाईट नव्हता. निम्मं पीक इमानानं आणून टाकायचा. पण गावात लोक त्या रानाला "किसनचं रान" म्हणायला लागले होते. तिच्या मुलींनासुद्धा तेच नाव तोंडात बसलं होतं. बाईला ते टोचत होतं. तिला त्या रानात असं काहीतरी उभं करायचं होतं, ज्याला दिराचे बैल लागणार नाहीत. हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं नाही, पुढं हळूहळू कळलं.

ती आली तोवर चांद्याच्या जड्या संपत आल्या होत्या. उरल्या त्या तिच्या खालच्या अर्ध्या रानाला पुरल्या. वरच्या मुरमाला मी गावठ्या देऊ केल्या आणि आधीच सांगून टाकलं, बाई, ह्या वाकड्या निघतील. ती म्हणाली, "वाकडं चालंल. माझं म्हणजे झालं." जड्या तिनं आणि मुलींनी लावल्या. मी सायकलवर जाऊन टाचेनं माती कशी दाबायची ते दाखवून आलो.

किसन चिडला होता. पण भांडला नाही, तो तात्यांकडं गेला. सोपानतात्या म्हणजे गावातले वडीलधारे. कुणाचाही वाद असो, फैसला त्यांच्याच ओट्यावर व्हायचा. किसनचं म्हणणं असं, की रान पडीक पाडून काट्या लावल्यात, त्या मेल्या तर वर्ष बुडालं आणि घरात खाणारी तोंडं दोन्हीकडं आहेत. तात्यांनी विचार करून सांगितलं, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या पाडव्याला आपण सगळे जाऊन बघू. झाडं जिती असली तर रान गयाबाईच्या हातात राहील, पुन्हा कुणी बटईचं नाव काढायचं नाही. मेली असली तर किसननं नांगर घालावा. दोघांनीही मान हलवली. मीही तिथं होतो आणि मीही हलवली. पाडवा म्हणजे चैत्राचा पहिला दिवस, आणि चैत्रात सागाच्या अंगावर पान नसतं, हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. शेतकऱ्याच्या डोक्यात सगळ्या मुदती पाडव्याच्या. झाडाला कोण विचारतो?

पहिलं वर्ष पाऊस बरा झाला. चांद्याचा साग कंबरेच्या वर गेला, पानं सुपाएवढी. वरचा गावठी गुडघ्याएवढाच राहिला. गयाबाई खालच्या सागाकडं बघून खूश व्हायची. दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. श्रावणातच नदीनाले गप्प झाले. आणि तेव्हा मी एक बघितलं. वरच्या गावठी सागानं दसऱ्याच्या सुमाराला पानं टाकायला सुरुवात केली. एवढ्या लवकर मी कधी पाहिलं नव्हतं. चांद्याचा मात्र आपली सुपं तशीच धरून उभा. पानातून पाणी उडतं, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं, पण शिकवलेलं आणि डोळ्यानं बघितलेलं यात फरक असतो. एकजण उधळत होता आणि दुसऱ्यानं दुकानाची फळी ओढून घेतली होती. लोकांना मात्र उलटंच दिसलं. ते म्हणाले, वरचं गेलं, खालचं तरी टिकतंय.

संक्रांतीपर्यंत दोन्हीकडं काड्याच राहिल्या.

पाडव्याला मी पोचलो तेव्हा सगळे उतारावर जमले होते. तात्या, किसन, गावातली चारदोन माणसं, आणि जरा बाजूला गयाबाई, डोक्यावरचा पदर दातात धरून. तात्यांनी मला विचारलं, "गार्ड सायेब, जितं का मेलं?"

झाडाची साल नखानं खरवडली आणि खाली हिरवं दिसलं, तर झाड जिवंत. मी खालच्या ओळीपासून वर खरवडत गेलो. सगळीकडं तपकिरी. वरच्या ओळीतलं एक खोड तर हातात मोडून आलं. मग खालच्या ओळीतलं एक मूळ उकरलं. वाळून कोळ झालेलं. मी दुसरं उकरायला वर निघालो, तेव्हा गयाबाई पहिल्यांदा बोलली. म्हणाली, असं एकेक उकरून बघायला लागलात तर जे जगलंय तेही मरंल, वरच्या एकालाही हात लावू देणार नाही. तिच्या आवाजात असं काही होतं, की मी पहार खाली ठेवली.

"मंग सांगा की," तात्या म्हणाले. "जितं का मेलं?"

मला सांगता येईना. साग लहानपणी उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतो आणि मुळातून पुन्हा येतो, हे मला ठाऊक होतं. पण एवढा दुष्काळ पडल्यावरही येतो का, ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, तात्या, पाऊस पडेपर्यंत कळायचं नाही. त्यावर किसन म्हणाला, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, की पावसाची वाट बघितली तर नांगरट कधी करायची, ऊन कधी द्यायचं रानाला? तात्यांनी डोकं खाजवलं आणि मुदत अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या आकितीपर्यंत वाढवून दिली. त्यापुढं एक दिवस नाही, असंही बजावलं.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. माझ्या रानाचा प्रश्न नव्हता, तरी झोप उडाली होती. आठवड्यातून दोनदा सायकल मारत जायचो. गयाबाई बांधावर बसलेली असायची. ती रानात पाऊल टाकायची नाही, कुणाला टाकू द्यायची नाही, शेरडं आली तर हाकलायची. मी विचारलं, काही दिसतंय का? ती नुसती नकाराची मान हलवायची. एकदा म्हणाली, माझे आईबाप म्हणायलेत, जाऊ दे, दिराला कसू दे, पोरींची लग्नं झाली की तुला रान कशाला? सरकारनं मला झाडं लावायला नेमलं होतं. बायांनी आपली जमीन कशी राखावी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

आकितीचा दिवस उजाडला. वाऱ्यात थोडी ओल यायला लागली होती, पण आभाळ कोरडं आणि रानात कोंबाचा पत्ता नाही. किसन दोन जोड्या बैल आणि लोखंडी नांगर घेऊन आला. तोंड उतरलेलं होतं त्याचं. तात्या बांधावरच्या झाडाखाली बसले. गयाबाई नेहमीच्या जागी बांधावर, दोन्ही मुली तिला चिकटून.

"वैनी, मुदत संपली," किसन म्हणाला. "मी काय मनापासून करायलोय असं न्हाई."

तिनं पदर दातात धरला.

त्यानं खालून सुरुवात केली. नांगर चांद्याच्या ओळीत शिरला आणि सरळ चालायला लागला. वाळकी मुळं कटाकट मोडत होती, पापड मोडावा तसा आवाज. नांगराच्या मागं ढेकळांतून काळ्या काड्या वर येत होत्या. मला बघवेना. ज्या जड्या मी कौतुकानं वाटल्या होत्या, सरळ खोडाच्या, उत्तम जातीच्या, त्यांचं हे झालं होतं. एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, झालं, दुसरं झालं, असं करत खालचा तुकडा संपला. बैल वळून वर निघाले आणि मुरमात शिरले.

तिथं नांगर अडला.

किसननं बैलांना हाकारलं. बैलांनी माना खाली घालून जोर लावला, नांगर हातभर पुढं गेला आणि पुन्हा अडला. मला वाटलं, दगड लागला असेल. ते रान दगडाचंच. पण किसननं बैल थांबवले आणि रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहिला. थोडी वर उचलली, थोडी दाबली. लहानपणापासून नांगर धरलेला माणूस तो. खाली काय आहे ते त्याला मुठीतून कळत होतं.

"तात्या," तो म्हणाला, "हा दगड न्हाई. हे धरतंय."

तो गुडघ्यावर बसला आणि हातानं माती सारायला लागला. मीही धावलो. खाली मूळ होतं, माझ्या मनगटाएवढं. वर गुडघाभर वाळकी काडी आणि खाली मनगटाएवढं मूळ, सरळ खाली मुरमात घुसलेलं. नांगराच्या फाळानं त्याला एका बाजूनं कापलं होतं, आणि कापल्या जागी ते पांढरं आणि ओलं होतं. चैत्र-वैशाखाच्या त्या भाजलेल्या जमिनीत, जिथं विहिरींना पाणी नव्हतं, तिथं मुळाच्या कापलेल्या तोंडावर ओल जमा होऊन चकाकत होती. किसननं बोट लावलं. मी लावलं. तात्या काठी टेकत आले, वाकले आणि त्यांनीही लावलं.

दोन वर्षं आम्ही सगळे वर बघत होतो. झाड खाली वाढत होतं. वरचा पसारा त्यानं स्वतःच्या हातानं मोडून टाकला होता, पानं आधी, मग खोड, आणि होतं नव्हतं ते सगळं घेऊन खाली जाऊन बसलं होतं. त्याला मेलं म्हणायला आम्ही माणसं गोळा केली होती.

किसन उठला. बांधाकडं बघून म्हणाला, "वैनी, हे जितं हाय."

गयाबाईनं पदर तोंडातून काढला. "मंग बैल सोडा, भाऊजी," ती म्हणाली. "च्या ठेवते."

त्यानं बैल सोडले. नांगर ओढत नेला असता तर आणखी चार मुळं दुखावली असती, म्हणून त्यानं तो लोखंडी नांगर खांद्यावर उचलला आणि ओळींच्या मधून पाय बघून टाकत रानाबाहेर नेला. मी हात द्यायला पुढं झालो तर नको म्हणाला.

पाऊस यायच्या आधीच, नुसत्या दमट वाऱ्यावर, वरच्या मुरमात कोंब आले. नांगरानं कापलेल्या मुळाला तर एकाच्या जागी कितीतरी. गयाबाईनं एक कोवळं पान तळहातावर चोळून मला दाखवलं. सागाचं कोवळं पान चोळलं की हात लाल होतो. ती आणि मुली हात लाल करून हसत होत्या आणि मी, शहाणासुरता सरकारी माणूस, डोळे पुसत सायकलची हवा तपासत होतो.

हल्ली मला मुलं येऊन विचारतात, काका, हवामान बदलतंय, पाऊस कधीही येतो, कधीही जातो, साग टिकेल का? मी काही शास्त्रज्ञ नाही. बघितलं तेवढं सांगतो. एखादं झाड नवीन काही शिकत नाही. पण सागात नाना तऱ्हेचे साग आहेत. पानं लवकर टाकणारे, उशिरा टाकणारे, खाली दडून बसणारे, वर उधळणारे. दुष्काळ त्यातले काही मारतो, उरलेल्यांचं बी पडतं, आणि पुढची पिढी थोडी त्यांच्यासारखी होते. झाडाचं जुळवून घेणं हे असं, पिढ्यापिढ्यांनी होतं. त्याला वेळ लागतो आणि नाना तऱ्हा शिल्लक असाव्या लागतात. आम्ही मात्र वाकडं तेवढं तोडत आलो आणि सगळीकडं एकच सरळसोट बी वाटत गेलो. याचं मला वाईट वाटतं. एवढी अक्कल साठवून बसलेलं झाड, आणि त्याची पारख आम्ही दाराच्या चौकटीला चालेल का, एवढ्यावरून केली. दुष्काळावर दुष्काळ आले तर गावठीही किती तग धरेल, कुणास ठाऊक. पण त्या मुळाला बोट लावल्यापासून कुठल्याच झाडाला मेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

गयाबाईनं पुढं खालच्या तुकड्यातही गावठीच लावला. किसननं खड्डे खणून दिले, न सांगता.

त्याच्या पुढच्या पाडव्याला मी पुन्हा त्या गावात होतो. पारावर बटईची बोलणी चालली होती. परगावचा एक माणूस, चार बैलांचा धनी, रान शोधत आला होता. त्यानं डोंगराकडं हात करून विचारलं, तो उतारावरचा तुकडा कुणाचा? ओसाडच दिसतोय, मालक देईल का बटईनं?

मीही तिकडं बघितलं. मुरूम, दगड आणि वाळक्या काड्या. एक पान नव्हतं.

किसन सुपारी कातरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ते रान रिकामं न्हाई, पाव्हणं. आमच्या वैनीचं हाय. पीक उभं हाय तिथं."